क्रूगरमधलं थालीपीठ

भिशीच्या दिवशी चहा पिता पिता मी हळूच सांगून टाकलं, "मे महिन्यात आम्ही आफ्रिकेला चाललोय." क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीनं विचारलं, "का गं, यांची बदली झाली का?" दुसरी म्हणाली, "अगं, लेकरांना घेऊन? तिथं सिंह असतात!" आणि तिसरीनं सरळ मुद्द्यालाच हात घातला, "लॉटरी लागली की काय?"

लॉटरी लागली नव्हती. पाच वर्षं पोस्टात दर महिन्याला रिकरिंग भरत होते. वर दोन भिशा, दिवाळीची साडी दोनदा पुढे ढकलली, त्यात आमच्या ह्यांचा बोनस. आणि सिंह असतात, हे तर खरंच. तेच बघायला तर जायचं होतं! २०२४च्या मे महिन्यात आम्ही पाचजण, म्हणजे आम्ही दोघं, दहावी झालेला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई, दक्षिण आफ्रिकेत पंधरा दिवस राहून आलो. कुठल्याही टूर कंपनीशिवाय. परत आल्यापासून मंडळात, लग्नकार्यात, अगदी भाजीच्या रांगेतसुद्धा "कसं काय जमवलंत?" हा प्रश्न येतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी कागद, मग कपडे

मी मंडळात दहा वर्षं बायकांचे फॉर्म भरून देते. निराधार योजनेचे, रेशन कार्डाचे, जन्मदाखल्याचे. "ताई, कागद नीट बघून घ्या" हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. आणि स्वतःच्या मुलीचा जन्मदाखला मात्र दहा वर्षं कपाटात तसाच! व्हिसाच्या अर्जासाठी तो बाहेर काढला, तर त्यावर मुलीचं नावच नव्हतं. आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, बाळाच्या नावाची ओळ कोरी. बारसं व्हायच्या आधी दाखला घेतला आणि नंतर नाव घालायचं राहून गेलं. आपल्याकडे कित्येक घरांत असंच असतं. मग शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे, "साहेब रजेवर आहेत" असं सगळं होऊन नाव चढायला तीन आठवडे गेले. तिकिटं आधीच काढली होती. त्या तीन आठवड्यांत मला धड झोप नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. दक्षिण आफ्रिकेत अठरा वर्षांखालच्या मुलांच्या कागदपत्रांबाबत काटेकोरपणा आहे. मुलाचं आणि दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला हवा. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जाणार असतील, तर दुसऱ्याचं संमतीपत्र हवं. नुसतं आजीसोबत जायचं असेल, तर दोघांचंही. मुलांची तस्करी रोखण्यासाठीचा हा नियम आहे. त्रास झाला, तरी त्याचं कारण कळल्यावर माझा राग गेला. व्हिसाचे नियम सारखे बदलत असतात. तेव्हा अर्जाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर जाऊन ताजी माहिती घ्या. शेजाऱ्याच्या भाच्याला दोन वर्षांपूर्वी काय लागलं, यावर जाऊ नका.

दुसरा कागद पिवळ्या तापाच्या लशीचा. स्वस्त तिकिटं बहुतेक अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाणाऱ्या विमानांची मिळतात. इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबणं झालं, तर दक्षिण आफ्रिकेत लशीचं प्रमाणपत्र मागतात. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. तिकीट घेताना नुसती किंमत बघू नका, मध्ये किती तास थांबायचंय तेही बघा. सासूबाईंचं वय बघून आम्ही चार हजार रुपये जास्त देऊन कमी थांब्याचं तिकीट घेतलं. तो खर्च मुळीच वाया गेला नाही.

आपला उन्हाळा, त्यांचा हिवाळा

हे भूगोलात शिकलेलं असतं, पण बॅग भरताना आठवत नाही. आपल्या मे-जूनच्या सुट्टीत तिकडे थंडी सुरू होते. प्राणी बघायला हाच उत्तम काळ. पाऊस नसतो, गवत वाळून खाली बसतं, झाडांची पानं झडतात आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. डासही कमी. पहाटे मात्र स्वेटर, कानटोपी, मोजे सगळं लागतं आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. केपटाउनला याच दिवसांत पाऊस असतो, म्हणजे छत्री हवीच. दिवाळीच्या सुट्टीत गेलात, तर तिकडे वसंत ऋतू, हवा छान. डिसेंबर-जानेवारी टाळा. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी असते, सगळं भरलेलं आणि महाग.

क्रूगरच्या भागात हिवताप आहे. डॉक्टरांना विचारून, मुलांच्या वजनाप्रमाणे गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. घरात अगदी लहान बाळ असेल, तर हिवताप नसलेलं अभयारण्य निवडावं. जोहान्सबर्गपासून गाडीने जाण्यासारखं पिलान्सबर्ग आहे, दक्षिणेला हत्तींसाठी प्रसिद्ध असलेलं आडो आहे. दोन्हीकडे हिवताप नाही.

स्वतःच्या गाडीतून सिंह

आफ्रिकेची सफारी म्हणजे श्रीमंतांचं काम, असा माझाही समज होता. खासगी लॉजचे दर बघितले तर तो खराच वाटतो. पण क्रूगर राष्ट्रीय उद्यान सरकारी आहे. १९२६ साली स्थापन झालेलं, जवळपास वीस हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं. आत डांबरी रस्ते आहेत. भाड्याची साधी गाडी घेऊन आपलं आपण फिरायचं. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे ह्यांना दोन तासांत सवय झाली. जाण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. जोहान्सबर्गहून साधारण पाच-साडेपाच तासांचा रस्ता. वाटेत पेट्रोलपंपांवर स्वच्छ स्वच्छतागृहं. बायकांसाठी ही केवढी मोठी सोय आहे, ते लांबच्या प्रवासात पाणी न पिणाऱ्या आपल्यासारख्यांनाच कळेल!

मुक्कामाला उद्यानाचेच कॅम्प आहेत. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा अशी त्यांची नावं. 'सतारा' ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बघ, साताऱ्याची माणसं कुठं कुठं पोचली!" कुंपणाच्या आत गवती छपराच्या गोल खोल्या, बाहेर व्हरांड्यात फ्रिज आणि चूल. खोल्यांचे बुकिंग उद्यानाच्या संकेतस्थळावर थेट करता येते. सहा-आठ महिने आधी केलं तर स्वस्तातली खोली मिळते. परदेशी माणसाला दिवसाचं प्रवेशशुल्क तिथल्या नागरिकांपेक्षा बरंच जास्त आहे, ते हिशोबात धरा. बारा वर्षांखालच्या मुलांना ते साधारण निम्मं लागतं.

नियम कडक आहेत. डांबरी रस्त्यावर वेग ताशी पन्नास, कच्च्या रस्त्यावर चाळीस. गाडीतून उतरायचं नाही. हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कॅम्पचं फाटक बंद, त्याआधी आत यायलाच हवं. मुलांना आधीच बजावून ठेवा आणि निघताना सगळ्यांना 'जाऊन या' म्हणा. ठरवून दिलेल्या सहलीच्या जागा सोडल्या, तर मध्ये कुठेही उतरता येत नाही.

आम्हाला पहिल्या दिवशी सिंह दिसलाच नाही. मुलगी रुसली. लोअर साबीजवळ सनसेट डॅम म्हणून तळं आहे, तिथे गाडी उभी करून नुसते बसून राहिलो. पाणघोडे डोकं वर काढायचे, फुर्र करून पुन्हा आत. काठावर मगरी ओंडक्यासारख्या पडलेल्या. तासभर कुणी बोललं नाही. घरात टीव्ही आणि मोबाइलशिवाय तासभर गप्प बसलेली माझी मुलं मी पहिल्यांदाच पाहिली. सिंह दिसला तिसऱ्या दिवशी पहाटे, उद्यानाच्या उघड्या गाडीतून. ही फेरी खासगी लॉजच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. मात्र सहा वर्षांखालच्या मुलांना तीत घेत नाहीत. दोन सिंहिणी भर रस्त्यात आडव्या पसरल्या होत्या. सासूबाईंनी नकळत हात जोडले.

बचत कुणाच्या कष्टांवर?

आता मैत्रिणींनो, मनातलं एक बोलते. 'कमी खर्चात प्रवास' म्हणजे बहुतेक वेळा काय असतं? बाहेर खायचं नाही, खोलीवरच करायचं. म्हणजे बाकीचे फिरायला आणि बाई चुलीपाशी! महाबळेश्वरला जाऊनसुद्धा मी कुकरच्या शिट्ट्याच मोजल्या आहेत. या वेळी निघायच्या आधीच सांगितलं, "स्वयंपाक करून पैसे वाचवायचे, तर वाचवू. पण एकट्या माझ्या जिवावर नाही." सासूबाई काही बोलतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मी तर आयुष्यात कुठली सहल नीट पाहिलीच नाही."

आणि गंमत अशी, की त्या देशाची रीतच आमच्या मदतीला आली. तिकडे निखाऱ्यावर भाजण्याच्या जेवणाला 'ब्राय' म्हणतात आणि ते पुरुषांचं काम मानलं जातं. संध्याकाळी कॅम्पमध्ये जिकडे तिकडे पुरुष मंडळी चिमटे घेऊन उभी. ते बघून आमचे हेही सरसावले. कणसं, बटाटे, वांगी, रताळी, सगळं भाजलं. सहलीच्या जागांवर गॅसवरचा मोठा खोलगट तवा भाड्याने मिळतो, त्याला 'स्कॉटल' म्हणतात. मुलानं त्यावर भाजणीची थालीपिठं लावली. पहिलं जळलं, दुसरं फाटलं, तिसरं मात्र असं खमंग झालं की शेजारचं कुटुंब वास घेत आलं. त्यांना एक दिलं, त्यांनी आम्हाला संत्री दिली. त्या दिवशी मी हात बांधून झाडाखाली बसले होते. पंधरा दिवसांतली ती माझी सगळ्यात महागडी चैन, आणि तिला पैसा लागला नाही.

एक सावधगिरी. माकडं आणि बबून अतिशय चलाख. फ्रिजला जाळी, कडी असते ती याचसाठी. आमची ब्रेडची पिशवी टेबलावरून कधी गेली ते कळलंही नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का? नाही. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटमध्ये डाळी, तांदूळ, दही, भाज्या सगळं मिळतं. मक्याच्या पिठाची 'पॅप' ही आपल्या उकडीची बहीणच. तिच्यासोबत 'चकालाका' नावाची तिखट भाजी, तिचे तयार डबेसुद्धा मिळतात. इथून नेताना कोरड्या चटण्या, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा न्या. ताजी फळं, दुधाचे पदार्थ, बी-बियाणं, मांस नेऊ नका. जे नेलंय ते विचारल्यावर स्पष्ट सांगा. आमची भाजणी अधिकाऱ्यानं हुंगून पाहिली आणि हसून जाऊ दिली.

कस्तुरबांच्या वाटेवर

डर्बनला उतरलो आणि सासूबाई खुलल्या. रस्त्यात साड्या, मसाल्यांचे ढीग, देवळं. १८६० साली उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज इथेच लागलं. त्यांच्याच वंशजांच्या हातचा 'बनी चाऊ' आम्ही खाल्ला. अर्धा ब्रेड कोरून त्यात झणझणीत रस्सा. राजम्याच्या जातीच्या कडधान्याचा शाकाहारी बनीही मिळतो, एकात दोघांचं पोट भरतं. समुद्रकिनारा फुकट आणि हिवाळ्यातही उबदार.

तिथून साधारण ऐंशी किलोमीटरवर पीटरमॅरित्झबर्ग. ७ जून १८९३च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं, ते हे स्टेशन. लहानपणी धडा वाचताना मला नेहमी प्रश्न पडायचा, जूनमध्ये कसली कडाक्याची थंडी? त्या फलाटावर स्वेटर घालून उभी राहिले, तेव्हा उत्तर मिळालं.

पण मला जास्त हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मार्च १९१३मध्ये तिथल्या एका न्यायाधीशानं निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीनं न झालेली लग्नं तिथे कायदेशीर नाहीत. म्हणजे हजारो भारतीय बायका एका दिवसात 'बायको' राहिल्याच नाहीत. त्याविरुद्ध सप्टेंबर १९१३मध्ये कस्तुरबा सत्याग्रहींच्या तुकडीत सामील झाल्या. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडली, तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि याच मॅरित्झबर्गच्या तुरुंगात त्या राहिल्या. मंडळात माझ्याकडे येणाऱ्या किती जणी लग्नाचा पुरावा नाही म्हणून दारोदार फिरतात! माझ्या मुलीच्या दाखल्यावरची ती कोरी ओळही मला तिथे आठवली. कागदावर नाव नसणं म्हणजे काय, ते बाईला जास्त कळतं. आणि हो, या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी, १९१२मध्ये, आपले नामदार गोखलेही या देशात येऊन गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्मवर राहून गेले होते. हे मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "आई, हे पुस्तकात का नाही?"

जोहान्सबर्गला कॉन्स्टिट्यूशन हिल आवर्जून बघा. एकेकाळचा तुरुंग, आता संग्रहालय. गांधीजी आणि नेल्सन मंडेला दोघंही तिथे कैदेत होते. शेजारी बायकांचा वेगळा तुरुंग. त्याच आवारात आज देशाचं संविधान न्यायालय उभं आहे, जुन्या तुरुंगाच्या विटा त्याच्या बांधकामात वापरल्यात.

केपटाउन, आणि आपला हंडा

जोहान्सबर्ग, डर्बन आणि केपटाउन यांमध्ये स्वस्त देशांतर्गत विमानं आहेत. आधी काढलं तर तिकीट बसच्या जवळपास पडतं, पण सामानाचे पैसे वेगळे असतात, ते बघून घ्या. टेबल माउंटन हा १,०८५ मीटर उंचीचा सपाट माथ्याचा डोंगर. वर जायला रोपवे आहे, पण वारा सुटला की तो बंद. म्हणून ज्या दिवशी आकाश मोकळं दिसेल त्याच दिवशी बाकी सगळं सोडून जा. रॉबेन बेटाची बोट आधी बुक करा. मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा वर्षं तिथे होते. आणि सायमन्स टाउनला पेंग्विन! तिकीट काढून आत जाता येतंच, पण शेजारच्या फुकट पायवाटेवरूनही झुडपांत बसलेले पेंग्विन दिसतात. ही जात २०२४पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा मुलांना लांबूनच बघायला सांगा.

आमच्या मुक्कामाच्या न्हाणीघरात शॉवरखाली बादली ठेवलेली होती. मी विचारलं, तर घरमालकीण म्हणाली, २०१८ची सवय. त्या साली केपटाउनचे नळ कोरडे पडायची वेळ आली होती आणि माणशी दिवसाला पन्नास लिटरची मर्यादा घातली होती. मी तिला सांगितलं, आमच्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दोघी कितीतरी वेळ पाण्याबद्दल बोलत बसलो. तिचं इंग्रजी वेगळं, माझं अडखळतं. पण बादलीची भाषा एकच!

भीती किती, काळजी किती

गुन्हेगारी आहे, हे खोटं नाही. आम्ही काही गोष्टी पाळल्या. मंगळसूत्र, बांगड्या घरी ठेवल्या. सासूबाईंनी सुद्धा काळी पोत घातली. अंधार पडल्यावर शहरात चाललो नाही, गाडीही चालवली नाही. गाडीत सीटवर पर्स, मोबाइल ठेवला नाही. कुठल्या भागात पायी जायचं, ते रोज मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं. बाकी माणसं इतकी प्रेमळ, की सासूबाईंना सगळीकडे 'मामा' म्हणून हाक. तिकडे 'मामा' म्हणजे आई, हे कळेपर्यंत त्या गोंधळलेल्या होत्या!

डायरीत लिहून ठेवा

• मुलांचा जन्मदाखला आजच काढून बघा. प्रवासाला जा अथवा नका जाऊ.

• तिथला प्लग म्हणजे आपला इस्त्री-गीझरचा पंधरा अँपिअरचा जाड तीन पिनांचा. इथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तसा जोड घेऊन जा.

• रँडचा भाव रोज बदलतो. आमच्या वेळी पाच रुपयांच्या आत-बाहेर होता. नोटांच्या एका बाजूला मंडेला, दुसऱ्या बाजूला सिंह, हत्ती, गेंडा, रेडा आणि बिबट्या. मुलांना हिशोब शिकवायला फार सोयीच्या!

• तीन वर्षांखालच्या मुलाला गाडीत वेगळी खुर्ची सक्तीची आहे. गाडी ठरवताना सांगा.

• व्हिक्टोरिया धबधबा दुसऱ्या देशांत, झिंबाब्वे आणि झांबियाच्या हद्दीवर आहे. तो बघून दक्षिण आफ्रिकेत परत यायचं असेल, तर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. आम्ही तो मोह टाळला, खर्च खूपच कमी झाला.

• दुकानातल्या खरेदीच्या पावत्या जपा. २५० रँडच्या वर खरेदी असेल, तर परत निघताना विमानतळावर कराची रक्कम मागता येते.

• आरोग्य विमा काढाच. तिथे पैसे वाचवू नका.

आमच्या खर्चात जवळपास निम्मा वाटा विमानाच्या तिकिटांचा होता. बाकीचं आपल्या हातात असतं. परवा मुलानं घरी आपणहून थालीपिठं लावली. पहिलं जळलं, दुसरं फाटलं. सासूबाई म्हणाल्या, "थांब, तिसरं चांगलं होतं." आणि आम्ही दोघी पाय पसरून बसून राहिलो.